मारत नाहीत, पिऊन येत नाहीत. पण माझ्या नावावर तीन कर्जं निघाली

रात्रपाळी:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सध्या रात्रपाळी आहे. सेंट्रिफ्यूज फिरतंय तेवढ्या वेळात लॅबच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. स्वतःच्या मोबाइलवरून का नाही, ते पुढे येईलच.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगा तिसरीत आहे. आमचे हे अतिशय शांत स्वभावाचे. आवाज चढवून बोलत नाहीत, व्यसन नाही. माझ्या माहेरी गेले की माझ्या बाबांची औषधं स्वतः आणून देतात. आई म्हणते, दिवा घेऊन शोधला असता तरी असा जावई मिळाला नसता. म्हणून हे कुणाला सांगायचं तर आधी माझंच तोंड उघडत नाही.

माझा पगार २३,४०० रुपये. लग्न झालं तेव्हापासून एटीएम कार्ड ह्यांच्याकडे. लग्नानंतर नाव बदललं तेव्हा आधार, पॅन, बँक सगळीकडे मोबाइल नंबर ह्यांनी त्यांचाच दिला. "तुला ओटीपी वगैरे कळत नाही, कुणीतरी फसवेल." मलाही बरं वाटलं, एक कटकट गेली. दर सोमवारी मला हातखर्चाला ३०० रुपये मिळतात. त्याचा हिशेब एका वहीत लिहायचा, रविवारी रात्री हे वही बघतात. ओरडत नाहीत. नुसतं बोट ठेवतात. "हे चाळीस कशाचे?" बोट त्या ओळीवर ठेवून माझ्याकडे बघत राहतात. मी काहीतरी बोलेपर्यंत बोट हलत नाही.

वहीत मी कोथिंबीर लिहिते तेव्हा ती बऱ्याचदा कोथिंबीर नसते. एकदा साठ रुपयांचा केसांचा क्लिप घेतला, तो तीन आठवडे कोथिंबिरीत बसवला. अठ्ठावीस पेशंटची सॅम्पल्स बारकोड लावून न चुकता ठेवणारी बाई आहे मी, आणि क्लिप लपवते. हे लिहितानाही हसू येतंय.

आता मूळ मुद्दा. सांगलीहून मिरजेला बसने यायचा कंटाळा आला म्हणून स्कूटी घ्यायचं डोक्यात होतं. हे म्हणाले, बघू. गेल्या महिन्यात लॅबमधल्या एका मैत्रिणीबरोबर सहज शोरूमला गेले. तिथल्या फायनान्सवाल्या मुलाने पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमची तीन लोन चालू आहेत. त्यातल्या दोनांचे हप्ते थकलेत. सध्या काही होणार नाही." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नाव माझं, जन्मतारीख माझी. एक १,८०,००० चं, एक ४०,००० चं, एक कसल्यातरी मोबाइलचं.

मग मला दिवाळी आठवली. मी चकल्या पाडत होते, दोन्ही हात पिठात. हे स्वयंपाकघरात आले, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "इकडं बघ. आता मान डावीकडं कर. डोळे मिचकाव." मी विचारलं, कशाला? "विम्याचं आहे. तुझ्याच फायद्याचं." गालाला पीठ लागलं होतं, पुसते म्हटलं तर म्हणाले, राहू दे, चेहरा दिसतोय. मी डोळे मिचकावले. परत तळायला लागले.

ह्यांना अजून काही विचारलेलं नाही. पैसे कुठे गेले ते माहीत नाही. शेअर बाजारात घालवले असतील असा अंदाज आहे, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर आलेख बघत असतात. विश्रामबागेतला फ्लॅट २०२२ मध्ये माझ्या नावावर घेतला, बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, असं हे म्हणाले होते. त्याची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, दिरांच्या कपाटात आहेत.

मला विचारायचंय ते एवढंच. याला छळ म्हणतात का? की आपण बावळट, म्हणून झालं? पोलिसात गेले तर पहिला प्रश्न "मारतो का?" असाच येणार, आणि उत्तर नाही आहे. आणि ही कर्जं मीच फेडायची का?

---

तिजोरीची किल्ली:

ताई, तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. तुमच्यासारख्या बायका टेबलासमोर बसलेल्या पाहिल्यात. बहुतेक वेळा शेजारी नवरा असायचा आणि सही कुठे करायची ते तो दाखवायचा. आम्हीही "मॅडम, इथे" म्हणून पेन पुढे करायचो. वाचलंत का, असं किती वेळा विचारलं? मोजायला एक हात पुरेल. असो.

भांडणाच्या आधी कागद. शोरूममधल्या मुलाने सांगितलं ते अर्धवट समजा. आपल्याकडे पत माहिती, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि फेडलं याची नोंद, ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा, कारण एकात दिसतं ते दुसऱ्यात नसतं. आकड्याकडे, म्हणजे स्कोअरकडे, नंतर बघा. आधी मागची पानं वाचा. कर्ज देणाऱ्यांनी तुमच्या नावाने कोणते मोबाइल नंबर, कोणते ईमेल, कोणते पत्ते कळवलेत ते तिथे असतं. शिवाय कुणी कुणी कधी तुमची चौकशी केली त्याची तारीखवार यादी असते. ओटीपी आणि मेल कुठे जाणार ते मात्र बटण दाबायच्या आधी बघा.

दुसरं, पगाराच्या खात्याचा उतारा. हा शाखेत जाऊन, ओळखपत्र दाखवून, छापील मागा. खातं तुमचं आहे, कुणाच्या परवानगीची गरज नाही. सप्टेंबर २०२२ पासून डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात पडली पाहिजे. म्हणजे ते १,८०,००० तुमच्या खात्यात येऊन गेलेले असणार. कोणत्या तारखेला आले आणि पुढच्या दहा मिनिटांत कुठे गेले, हे उताऱ्यावर छापलेलं असेल. दिवाळीची तारीख जुळते का बघा. हा कागद सोन्याचा आहे, घरी नेऊ नका.

आता कडू भाग. कंपनी म्हणणार: चेहरा तुमचा, आधार तुमचं, पैसे तुमच्या खात्यात, मग कर्ज तुमचं. नवऱ्याने फसवलं हे ती तुमच्या शब्दावर मानणार नाही. ज्या कर्जात तुम्ही स्वतः सही करून सहकर्जदार झाला असाल, फ्लॅटच्या कर्जात बहुधा असालच, तिथे तर हात वर करता येणार नाहीत. पण ज्याची तुम्हाला खबरच नव्हती त्याबद्दल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवता येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, विनाशुल्क. पत रिपोर्टमधली चूक तीस दिवसांत निस्तरली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असाही नियम आहे. कर्ज रद्द होईलच असं मी सांगत नाही. तक्रारीची तारीख नोंदवली जाते, आणि ती पुढे कोर्टात उपयोगी पडते.

वसुलीवाले फोन करतील. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करता येत नाही. हॉस्पिटलात येऊन बसले तर तेही लिहून ठेवा.

---

स्पष्टवक्ता:

एकच बाजू ऐकून सगळे वकील झालेत. आमच्या घरीही बायकोचा पगार मीच सांभाळतो. बायकांना गुंतवणुकीतलं समजत नाही, यात छळ कुठे आला? त्या माणसाने फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला हे कुणी बघायला तयार नाही. घरातलं भांडण नेटवर आणू नये.

---

तिजोरीची किल्ली:

स्पष्टवक्ते, आत्ता मिसेसना हाक मारा आणि विचारा, तुझ्या खात्यात किती आहेत. आकडा सांगता आला तर हा धागा तुमच्यासाठी नाहीच. सांगता आला नाही, तर परत पहिल्यापासून वाचा.

---

सोनचाफा:

रात्रपाळी, तू बावळट नाहीस. मी एम.कॉम. आहे आणि माझ्या नावावर सात कर्जं होती.

मी पाच वर्षांपूर्वी बाहेर पडले. सगळं सांगत बसत नाही, फक्त मी केलेल्या चुका सांगते, म्हणजे तू करणार नाहीस.

पहिली चूक: रागाच्या भरात एका दिवसात सगळं बदललं. बँकेतला नंबर, मेलचा पासवर्ड, सगळं. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी आला नाही आणि त्याला कळलं. त्याआधी त्यानेही कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. आधारचा नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, आधार केंद्रावर अंगठा दिला की होतं. म्हणून ते सोपं वाटतं. पण बदललास की त्याच्याकडचे ओटीपी बंद, म्हणजे त्याला कळणारच. तो दिवस तू ठरव, आणि त्या दिवशी रात्री कुठे झोपणार आहेस तेही आधी ठरव. मुलाच्या शाळेचं ओळखपत्र आणि जन्मदाखला त्याआधी बाहेर गेलेला असू दे.

दुसरी चूक: माझा मोबाइल माझा आहे असं समजत होते. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं असतात ती उघडून बघ. माझ्यात एक लॅपटॉप दोन वर्षं जोडलेला होता. बहिणीला लिहिलेलं तो ऑफिसात बसून वाचायचा आणि रात्री त्याच शब्दांत मला टोमणे मारायचा. मला वाटायचं याला मनातलं कळतं. दिसलं तरी लगेच काढून टाकू नकोस, काढलं की त्यालाही समजतं. नुसतं माहीत असू दे आणि महत्त्वाचं तिथे बोलू नकोस. तू लॅबच्या कॉम्प्युटरवरून लिहितेस ते बरोबर आहे, पण उठताना लॉगआउट कर.

तिसरी: पुरावा म्हणून मी फोटो काढले आणि ते त्याच मोबाइलमध्ये ठेवले. पुढचं सांगायला नको.

"मारतो का?" याची भीती मलाही होती. पोलीस ठाण्याच्या टेबलाशी थेट न जाता मी आधी महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात गेले. पोलिसांच्याच आवारात असतो, पण आत समाजकार्य शिकलेल्या बायका बसतात. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला, आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथल्या ताईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरातून निघताना त्यांना काय सांगून आलात?" मी म्हटलं, दळण. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, मग आपल्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. त्या वाक्याला मला रडू फुटलं. कुणालातरी दळणाला किती वेळ लागतो ते माहीत होतं.

बाहेर पडल्यावरही संपत नाही, हेही सांगून ठेवते. नंबर ब्लॉक केला तर तो यूपीआयवरून एक रुपया पाठवायचा, आणि शेऱ्याच्या जागेत लिहायचा, "किती दिवस माहेरी खाणार". रोज एक रुपया. अडतीस झाले होते.

---

लेस्टरकर:

सोनचाफा, तुमचा एक रुपया वाचून काटा आला. मूळची कोल्हापूरची, इथे लेस्टरला बँकेच्या फोन विभागात काम करते. इथे असेच एक-एक पेनीचे भरणे येतात, शेऱ्यात धमकी. त्याचं आम्हाला वेगळं प्रशिक्षण असतं.

इंग्लंड-वेल्समध्ये नवराबायकोच्या किंवा कुटुंबाच्या नात्यात सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा डिसेंबर २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, मारहाण झालेली असो वा नसो. २०२१ च्या कायद्यात पैशाची कोंडीही घरगुती छळाच्या व्याख्येतच आली. पण आमच्या रोजच्या कामात कायद्यापेक्षा बारीक गोष्टी जास्त लागतात. फोनवर बाई अडखळली, मागून कुणीतरी उत्तरं सांगतंय असं वाटलं, तर आम्ही विचारतो, आत्ता बोलणं सोयीचं आहे का, हो किंवा नाही एवढंच सांगा. कोणत्या वेळी फोन करायचा, घरी पत्र पाठवायचं की नाही, हे खात्यावर नोंदवतो, म्हणजे तिला दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागत नाही. प्रत्यक्षात दर वेळी जमतं असं नाही. गेल्याच महिन्यात नव्या मुलाने एका बाईचा नवा पत्ता संयुक्त खात्याच्या पत्रावर छापून पाठवला.

एक गुजराती आजी मात्र लक्षात आहेत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बँकेत फोन केला होता. म्हणाल्या, मला फक्त माझ्या खात्यात किती आहेत ते ऐकायचंय.

---

काळा कोट:

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. उशीर झाला, आज बोर्ड, म्हणजे सुनावण्यांची यादी, मोठा होता.

रात्रपाळी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार दिलेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. मार हा त्या चारांतला एकच. तुमच्या हक्काचा पैसा किंवा साधनं तुमच्यापासून तोडणं, स्त्रीधन विकणं, हे आर्थिक छळात नाव घेऊन लिहिलेलं आहे. वही दाखवायला लावणं आणि बोट ठेवून बघत राहणं, हेही मी अर्जात लिहीन, तसंच, बोटासकट. मॅजिस्ट्रेटला "आर्थिक शोषण" या दोन शब्दांपेक्षा त्या बोटाने जास्त समजतं.

हा कायदा मुळात दिवाणी वळणाचा आहे, हे बायकांना कुणी सांगतच नाही. नवऱ्याला आत घालायचं नसेल तरी याखाली जाता येतं. कलम १८ खाली संरक्षण आदेश मागायचा, त्यात दोघांची किंवा एकट्या नवऱ्याची खाती, लॉकर, मालमत्ता यांना हात लावायचा नाही असं सांगता येतं. कलम १९ खाली राहत्या घराचा आदेश. फ्लॅट तर तुमच्याच नावावर आहे. कागद दिरांच्या कपाटात असले म्हणून काही अडत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, काढा, त्यावर तुमचं नाव आहे का, एकटं आहे की जोडीने आहे, ते डोळ्यांनी बघा. "तुझ्या नावावर आहे" असं अकरा वर्षं ऐकलेल्या आणि कागदावर नसलेल्या अशिला माझ्याकडे येऊन गेल्यात. दागिने गहाण गेलेत का तेही तपासा. स्त्रीधन तुमचंच, नवरा फार तर राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. कलम २० खाली नुकसानीचे पैसे मागता येतात, त्यात या कर्जांचे हप्ते मी मांडते. कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश.

अर्ज सांगलीलाच केला पाहिजे असं नाही. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहताय, म्हणजे माहेरी असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. आमच्याकडे साठ दिवसांत कधीकधी समन्सही बजावलं जात नाही, ही वस्तुस्थिती. म्हणून अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी, मूळ अर्जाबरोबर.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. पगार आहे म्हणून मिळणार नाही असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. फोन १५१००. मदतीसाठी १८१, आणि अंगावर आलं तर ११२. जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून घेतात, तो फुकट असतो आणि त्याची प्रत तुम्हाला मिळते.

आता अवघड गाठ. तिजोरीची किल्ली म्हणतात ते खरं आहे, कंपनी तुमचा शब्द मानणार नाही. "हे कर्ज माझ्या नकळत काढलं" हे ठामपणे मांडायचं तर कुणी काढलं तेही सांगावं लागतं. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे एका बाजूला कर्ज, दुसऱ्या बाजूला मुलाच्या बापावर फौजदारी. नव्वद टक्के बायका इथे थांबतात. (नव्वद हा माझा अंदाज आहे, माझ्या फायलींवरून.) थांबल्या तर थांबल्या, त्यात लाज नाही. दिवाणी मार्ग तरी उघडा राहतो. पण हप्ते भरताना "मी हे कर्ज मान्य करते" असल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, वसुलीवाला कितीही गोड बोलला तरी. तो कागद आधी मला किंवा कुणाही वकिलाला दाखवा.

---

स्पष्टवक्ता:

मिसेसना विचारलं. सांगता आलं नाही. पण ती म्हणाली मला कशाला पाहिजे. असो. मोबाइलमध्ये बँकेचं ॲप टाकून दिलंय.

---

रात्रपाळी:

तीन आठवडे झाले. सगळ्यांचे उपकार आहेत. परत रात्रपाळी लागली म्हणून लिहायला मिळालं.

खात्याचा उतारा आणला. शाखेतल्या मुलीने विचारलं, "ऑनलाइन मिळतो की, कशाला आलात?" मी म्हटलं, कागद हातात बरा वाटतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी १,७५,५०० जमा (बाकीचे त्यांनी कसलं तरी शुल्क म्हणून कापलेले). ४ वाजून १९ ला सगळे गेलेले, एका ट्रेडिंगच्या खात्याकडे. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत माझा चकल्यांचा दुसरा घाणासुद्धा निघाला नसेल.

पत रिपोर्ट मैत्रिणीच्या मेलवर काढला. चारातले दोनच निघाले, बाकी दोघांना ह्यांच्या नंबरवरचा ओटीपी हवा होता, ते सोडून दिलं. माझ्या नावाचा एक ईमेल त्यात आहे जो मी कधी उघडलेला नाही. माझं माहेरचं नाव आणि ह्यांचं जन्मसाल. का कोण जाणे, पैशांपेक्षा त्या ईमेलचा राग आला. कुणीतरी माझं माहेरचं नाव घेऊन इतकी वर्षं पत्रव्यवहार करत होतं. आणि चौकश्यांची यादी दीड पान आहे. त्यातली सगळ्यात जुनी मुलगा बालवाडीत होता तेव्हाची. म्हणजे दिवाळी ही सुरुवात नव्हती.

इंडेक्स टू निघाला. माझं नाव आहे. दोघांचं आहे, माझं पहिलं. पंधरा मिनिटं नुसतं बघत बसले.

आईला सांगितलं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "त्यांनी बाबांची औषधं कुठल्या पैशांनी आणली मग?" मला हे सुचलंच नव्हतं. बिलांच्या तारखा मिळवून बघितल्या नाहीत अजून. बघणार आहे की नाही माहीत नाही.

पोलीस केस करायची की नाही ते ठरलेलं नाही. काळा कोट मॅडम, तुम्ही म्हणालात त्या नव्वदांतली मी असेन कदाचित. आधारचा नंबरही बदललेला नाही अजून. सोनचाफाताईंनी सांगितलं तसं दिवस ठरवतेय. मुलाची सहामाही संपू दे. जन्मदाखला आणि उतारा लॅबमध्ये माझ्या लॉकरला आहे, हातमोज्यांच्या खोक्यात.

विशेष कक्षात जाऊन आले. त्यांनी सांगितलं, घरातलं रोजचं काही अचानक बंद करू नका. म्हणून वही अजून लिहिते. रविवारी बोट आलंच. "कोथिंबीर तीस रुपये? महाग झाली का?"

म्हटलं, हो, पाऊस झाला ना.

शेअर रिक्षाचे जाऊनयेऊन तीस झाले होते.